हाडातला रुमाल

लॅबमध्ये किस्से कसे साचतात? गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसते ना, तसे! कोणी बसवत नाही, पण दरवर्षी जाडच होते. वीस वर्षं झाली मले या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवता शिकवता, खरवडायले बसली तं संध्याकाळ होईन.

*

पोरांले दाखवायले मी कोंबडीचं हाड आठ दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं. कॅल्शियम विरघळलं, हाड रबरासारखं झालं. मी ऐटीत त्याची गाठ मारली!

आमचे लॅब अटेंडंट धनराजभाऊ म्हणाले, "मॅडम, हे पाणी माझ्या कमरेले पाजा ना! पाच वर्षांपासून वाकूनच नाही राहिली!"

सगळे हसले. मी बी हसली. हसाले नको होतं.

*

भाऊ अड्याळकडच्या एका खेड्यातले. घरून बोअरचं पाणी आणायचे. कॉलेजचं म्हणे फिक्कं लागते.

एकदा प्रॅक्टिकलले सॅम्पल नव्हतं, म्हणून त्यांच्याच बाटलीतलं पाणी घेतलं. फ्लोराईड असलं का आमचं लाल रसायन पिवळं पडते. पडलं ना, हळदीसारखं!

"भाऊ, या पाण्यानंच तुमची कंबर धरली!"

"काहून? पाण्याले हात असते का?"

*

मग मी समजावलं. "हाड म्हणजे भिंत नाही भाऊ, एस.टी. हाय. रक्तातले आयन चढतात, उतरतात. फ्लोराईड मात्र दुसऱ्याची सीट घेते आन उठतच नाही. मंग कंबर आखडते."

"म्हणजे खिडकीतून रुमाल टाकणारा पॅसेंजर!"

वीस वर्षं मी बोर्डावर समीकरणं लिहून राहिली. भाऊनं एका रुमालात चॅप्टर संपवला!

*

आता गावाचा बोअर सोडवायचा होता. जुन्या विहिरीचं पाणी चांगलं निघालं, पण विहीर लांब, बोअर दारात. सगळ्यात जास्त विरोध भाऊंच्या मायचा.

मी पारावर अर्धा तास भाषण ठोकलं. माय म्हणाली, "घसा सुकला असन बाई. घे, पाणी पे!"

आन मी गटागटा प्याली. बोअरचं! अख्खा पार हसला.

*

पुढच्या रविवारी जाळून कुटलेली हाडं घेऊन परत गेली. सामान मांडलं, तं फिल्टर पेपर घरीच! शेवटी बोअरचं पाणी त्या भुकटीत मुरवून माझ्या रुमालातून गाळलं.

एका नळीत नुसतं बोअरचं पाणी. रसायन पिवळं. दुसरीत गाळलेलं. लालच्या लाल!

मायनं दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. "मंग याच्यातलं ते गेलं कुठं?"

"हाडात, माय."

भाऊ हळूच म्हणाले, "रुमाल टाकून बसलं."

माय हसली नाही. लेकाच्या कमरेकडे पाहत राहिली.

सोमवारी भाऊनं टेबलावर बाटली ठेवली. "विहिरीचं हाय, मॅडम! बाया उठाच्या आधीच माय विहिरीच्या दोर ओढाच्या गराडीले रुमाल बांधून आली. म्हणे, पयला नंबर माझा! आता मागं ही लाइन लागून राहिली!"

"कोणाचा रुमाल?"

"तुमचाच!"