चीरूचा वार

केरळातल्या वडकरा गावच्या कणारन गुरुक्कलांनी कळरी या युद्धकलेच्या आखाड्यात जन्मभर एकच शिकवलं: आपण चिडायचं नाही, समोरच्याचा पवित्रा पाहून आपला बदलायचा. म्हातारपणी त्यांची बायको चीरू माणसं विसरली. त्याच आखाड्यात तयार झालेले तिचे हात मात्र काही विसरले नाहीत. एका सकाळी गुरुक्कल पेज घेऊन आत गेले, तशी ती काठी उगारून उभी राहिली.

"कोण रे तू मेल्या? माझा नवरा येऊ दे, हाडं मोडेल तुझी!"

वार अडवला असता तर तिचं मनगट दुखावलं असतं. तो त्यांनी खांद्यावर घेतला.

"चुकलो, बाई. तुमच्या नवऱ्यानंच पेज पाठवलीय."

काठी खाली आली. "तो जेवला का?"

"जेवला," ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते आपल्याच घरात दार वाजवून, परक्यासारखे येऊ लागले.