फळ्यावरचा शब्द

बँकेच्या दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर लिहायचा मान शिपायाचा. अक्षर छापल्यासारखं, म्हणून सगळी गल्ली त्याला अक्षरबुवा म्हणायची. व्याजाचे दर, सुट्ट्या, आणि कुणी सभासद गेला तर त्याची बातमी तो तिथे लिही. ही बँकेची जुनी रीत होती. वर एक फूल, मग नाव, शेवटी ‘अनंतात विलीन झाले’. हे शब्द बुवाच्या हातातून आपोआप उतरत. समोरचा न्हावी थट्टा करायचा, "बुवा, आमचंही ठळक लिहा हं, फक्त घाई करू नका."

आताशा बँकच अंथरुणाला खिळल्यासारखी झाली होती. दिलेली कर्जं बुडत चाललेली, छत गळतंय, पंख्यांची कुरकुर कुणी ऐकत नाही. मॅनेजर साहेब मोठ्या बँकांचे उंबरे झिजवत होते. बुवाच्या जिवाला घोर होता तो ताईचा. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यावर शिवणकाम करून तिने डोळ्यांच्या ऑपरेशनपुरते पैसे साठवले आणि बुवाच्याच शब्दावर याच बँकेत ठेवले. बँक तरली तर ताईचे डोळे तरणार होते.

अखेर एक मोठी बँक राजी झाल्यासारखी वाटली. त्यांची माणसं पाहणीला येणार, त्या सकाळी साहेबांनी बुवाला सांगितलं, लोकांना धीर येईल असं लिहा. आपण मोठ्या बँकेत सामील होतोय, ठेवींची काळजी नको.

बुवाला ‘सामील’ पटेना. भांडणात सामील व्हावं, तसला हलका शब्द. बँकेला शोभेल असं भारदस्त काही हवं. त्याने हात धुतले, देवाचं नाव घेतलं आणि मन लावून लिहिलं, ‘आपली बँक मोठ्या बँकेत विलीन होत आहे.’ सवयीने वर फूलही काढलं.

न्हाव्याने दुकान उघडता उघडता ते वाचलं आणि कुलूप पुन्हा लावून पासबुक आणायला घरी गेला. त्याच्या पाठोपाठ भाजीवाली आली, मग तिची जाऊ, मग शाळेतले मास्तर. बँक गेली, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. रांग वळणापर्यंत पोचली तेव्हा कुठे बुवाच्या डोक्यात प्रकाश पडला. फडकं घेऊन तो धावला, ‘विलीन’ पुसून ‘सामील’ लिहिलं. त्याने तर आणखीच बिघडलं. लोक म्हणाले, बघा, आता लपवतायत.

मोठ्या बँकेची माणसं गाडीतून उतरली ती त्या गर्दीतच. आत येऊन चहा घेतला, अर्धा कपात ठेवला, कळवू म्हणाले आणि गेले. दुपारी रोकड संपली आणि शटर खाली ओढलं. साहेब खुर्चीत बसून राहिले. एवढंच म्हणाले, "बुवा, अहो, श्वास चालू होता हो तिचा."

पुढे सरकारी माणसं आली, दाराला सील लागलं. पैसे कधी मिळतील, किती मिळतील, कुणी सांगेना.

बुवा ताईकडे गेला तो मान खाली घालून. रांगेत ती कुठेच दिसली नव्हती. कुणी सांगितलं नाही का, असं त्याने विचारलं.

"सांगितलं की. भाजीवाली बोलवायला आली होती," ताई म्हणाली. "मी आपली बाहेरून फळा बघून परत आले. शब्द काही लागले नाहीत मला, पण तुझं अक्षर ओळखलं. म्हटलं, आपल्या भावाने लिहिलंय, चांगलंच असणार."

बुवाला बसायचंही सुचेना. ताईने मशीनवरचं कापड काढलं, खोक्यातून रीळ काढलं आणि सुई त्याच्यापुढे धरली.

"उभा काय राहिलास? दोरा ओवून दे," ती म्हणाली. "आणि दोन-चार सुया जास्तीच्या ओवून ठेव. तू रोज थोडाच येणार आहेस."

त्याने सुई हातात घेतली. फळ्यावर सरळ ओळी लिहिणाऱ्या त्या हाताकडून दोऱ्याचं टोक पुन्हा पुन्हा भोकाच्या बाजूने निसटत राहिलं.