फिनेलने धुतलेला गंज

आमच्या घराण्यात बी. एस्सी. झालेला मी पहिलाच. मास्तरांनी फी भरली, काकांनी बैल विकला. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण दवाखान्यात प्रयोगशाळेची नोकरी लागल्यावर याच उपकारांची दोरी करून तिथल्या डॉक्टरांनी मला बांधायला पाहिलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

वडनेरकडच्या एका खेड्यात हगवण-ओकारी सुरू झाली. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, संशयाने गावची मोठी विहीर आणि आठवडी बाजार बंद केला. एका रोग्याचं शौच घरच्यांनी गंजात, म्हणजे पातेल्यात, धरून ठेवलं होतं; ते मी बाटलीत भरून आणलं. बूच काढताच फिनेलचा वास आला. घर धुवायला ते आम्हीच वाटलं होतं. पुन्हा जाऊन रोग्याच्या बायकोला विचारलं.

"इतका शिकलेला मानूस दारात आला, त्याच्या हाती घान कशी द्याव भाऊ? म्हून गंज फिनेलनं घासून घेतला."

तिच्यावर कसा रागावणार?

डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, फिनेलने जंतू मरतात. या नमुन्यात काही उगवणार नाही."

"नाही उगवलं तर तसं लिहायचं." बाजार उघडावा म्हणून व्यापारी त्यांच्या ओसरीवर रोज येऊन बसत.

नळीत काही उगवलं नाही. 'पटकी नाही' असं लिहून त्यांनी सही केली. विहीर उघडली. मी विरोध केला तेव्हा म्हणाले, "घरातला पहिला ग्रॅज्युएट ना तू? काकांनी बैल विकून शिकवलं ना? मग नोकरी सांभाळ."

मी बाटली पाण्यात उकळली आणि न विचारता सायकलवर गेलो. आता त्या बाईची सासूही आजारी होती.

"या खेपेले नाई धुतला गंज," ती म्हणाली. "नाक धरा मंग."

जंतू वाढवायच्या पेप्टोनच्या पाण्यात नमुना घालून रात्रभर ठेवलेल्या नळीत सकाळी वर पातळ साय धरली होती. सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू सैरावैरा पळत होते. पटकीच्या सीरमचा थेंब टाकताच त्यांच्या गुठळ्या झाल्या; म्हणजे पटकीच. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, "पहिल्या रिपोर्टवर माझी सही आहे, तिचं काय?"

सासूचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. आम्ही विहिरीवर पुन्हा फळ्या ठोकायला पोचलो, तेव्हा तिला स्मशानात पोचवून माणसं परतली होती.

सून काठाशी उभी राहिली. "मंग मधात उघडली काऊन होती, भाऊ?"

डॉक्टर बैलांच्या दमणीतून उतरलेच नव्हते. मी त्यांच्याकडे बोट केलं. म्हणालो, "त्यायले विचार."