पायावर पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर सांगितलं असतं का? नसतं. एवढं तरी मी स्वतःला ओळखते.

आम्ही मारेगावचे, बाबा कचेरीत नोकरीला. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट — गावाबाहेरची जिनिंग, कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडली होती, रोज कुठून ना कुठून वाईट बातमी यायची, आणि माणसं सावलीलाही भ्यायला लागली होती. त्या जिनिंगमध्ये पूर्वी एका मजूर बाईचा पदर मशीनच्या पट्ट्यात अडकून ती गेली होती. ती अजून तिथंच आहे म्हणायचे. आत गेलेल्याच्या पाठोपाठ घरापर्यंत येते. म्हणून परतल्यावर दारातच थांबायचं, पायावर पाणी घ्यायचं, घरातल्या कुणीतरी मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची, मगच उंबरा ओलांडायचा. दोन जिवांच्या बाईनं तर त्या वाटेलाच जायचं नाही.

मी जात होते. वर्षभर. कॉलेजातला एक मुलगा होता — त्याचं नाव राहू द्या, तो काही लक्षात ठेवण्यासारखा निघाला नाही. भुताच्या भीतीनं जिथं कुणी फिरकत नाही, त्याहून चांगली जागा आम्हाला कुठं मिळणार होती? आणि पायावर कधी पाणी न घेताही मला काही झालं नाही. साधा तापही नाही. हे ध्यानात ठेवा.

वहिनीला सगळं ठाऊक होतं. केळापूरकडची, माझ्याहून थोडीशीच मोठी. मला दम द्यायची आणि मग स्वतःच हसायची. एका दुपारी मी तिथंच असताना बाबांच्या कानावर काहीतरी गेलं. त्यांनी सायकल काढली. वहिनीला सातवा महिना होता. कोथिंबिरीचं निमित्त करून ती निघाली आणि शेतातल्या आडवाटेनं बाबांच्या आधी जिनिंगमध्ये पोचली. भुताला ती फार भ्यायची हो. आत आली ती पदर कमरेला घट्ट खोचूनच.

“बेबीताई, मामाजी येऊन राह्यले. तुम्ही मांगच्या दारानं निंघा.”

मी आणि तो मुलगा मागच्या दारानं पळालो. मागचा उतार तिला झेपणार नव्हता, ती पुढच्या फाटकातून गेली; बाबा पोचले तेव्हा आत कुणीच नव्हतं. मी आधी घरी पोचले आणि अंगणात वाळलेले कपडे काढायला लागले, जशी काही सकाळपासून तिथंच होते. वहिनी आली आणि दारात थबकली. तिला पायावर पाणी घ्यायचं होतं. पण घेतलं असतं तर आईनं विचारलं असतं — कुठं गेलती? तिनं माझ्याकडे पाहिलं, पोटावर हात ठेवला आणि तशीच आत आली.

बाळ मेलेलंच जन्मलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्याला नाळेचा वेढा होता. कोण ऐकतं? शेजारच्या काकूंनी तिला फाटकातून निघताना पाहिलं होतं. आईनं विचारलं. वहिनी ओली बाळंतीण, पान्ह्यानं पोलकं भिजलेलं. “गेलती,” म्हणाली. काहून गेलतीस? ती पदरानं पोलकं झाकत राहिली. मग आई माझ्याकडे वळली.

“तुले काही माहीत हाय?”

एक वाक्य पुरलं असतं. माझ्यासाठी आली होती — बस. मी म्हणाले, “मले नाही माहीत. मी तं घरीच होती.”

वहिनीनं मान खाली घातली. तिनं तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. थोडे दिवस म्हणून तिला माहेरी पाठवलं, ते कुणी आणायला गेलंच नाही. दादाचं दुसरं लग्न झालं. मी करवली होते. नवी साडी नेसून मिरवले, जेवलेसुद्धा पोटभर. बाबांची भीती होती म्हणावं, तर बाबा गेले तरी मी मिठाची गुळणी धरूनच होते.

इथंच थांबले तर तुम्ही म्हणाल, पोरवय होतं. म्हणून पुढचं सांगते.

खूप वर्षांनी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर वहिनी दिसली. माझी मुलगी माझं बोट धरून उभी होती. मी तोंड फिरवलं, पण तीच जवळ आली. वाळली होती. रागावलेली नव्हती — रागावली असती तर बरं झालं असतं.

“तुमची पोरगी काय, बेबीताई?” म्हणाली, आणि तिच्या गालाला हात लावायला वाकली.

त्या जिनिंगमधून वहिनीच्या मागं काहीही आलेलं नव्हतं. हे माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? वर्षभर मीच तिथं जात होते.

मी मुलीला मागं ओढलं.

तिचा हात तसाच राहिला. “राहू द्या,” म्हणाली, आणि पिशवी उचलून आपल्या गाडीकडे गेली. मी हाक मारली नाही.

घरी आले. मुलीला उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिच्या पायावर पाणी घातलं आणि मीठ-मोहरी ओवाळून टाकली.