मागच्या सीटवरचे ठिपके

पहिले शिंतोडे सीटवर नाही, माझ्या गालावर उडाले.

गाडीवाल्यांच्या घरच्या आजींच्या हातात तांब्या होता आणि आंब्याची डहाळी. डहाळी बुडवायची, झटकायची, तोंडानं काहीतरी पुटपुटायचं. मी गाडीच्या दारातच उभी होते, हातात फडकं. "बाजूला हो" एवढंही त्या म्हणाल्या नाहीत. वास आला तेव्हा कळलं की तांब्यात गोमूत्र आहे.

थोड्याच वेळापूर्वी याच आजींनी मला हाताला धरून त्या सीटवर बसवलं होतं.

कन्हेरीच्या अलीकडचा तो बंगला. मी तेव्हा इंदापूरहून रोज ये-जा करून बारामतीत एका दुकानात कामाला होते. गाड्या आतून-बाहेरून चकाचक करून द्यायचं दुकान. आतलं काम माझ्याकडं. मोठी गाडी असली की शेठ मला गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायचे. कातड्याची सीट म्हणजे घरातली फरशी नव्हे, भसाभसा पाणी ओतायला. त्या कातड्यावर रंगाचा पातळ थर दिलेला असतो. तो जपत मऊ ब्रशनं फेस फिरवायचा, मळ वर आला की टिपायचा. शेवटी वरून कोटिंग, म्हणजे डाग पडू नयेत म्हणूनचा लेप, हातानं चोळायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. गाडीच्या मालकांना, दादांना, मी हे बजावून सांगितलं. दादा फोनवर होते. मान हलवून निघून गेले.

त्यांची आई, म्हणजे याच आजी, मात्र दिवसभर माझ्याजवळ खुर्ची टाकून बसली होती. चहा दिला, लग्नाचं विचारलं, सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. मलाही बरं वाटत होतं. काम संपलं, कोटिंग हाताला कोरडं लागायला लागलं, तशा आजी म्हणाल्या, "ये, बस की गं जरा. कसं मऊ झालंय बघू." दोघी मागच्या सीटवर शेजारीशेजारी बसलो. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर.

"लई ठावं हाय गं तुला कातड्याचं. कुठं शिकलीस?"

"आमच्या घरातलंच हाय ते, आजी. माझा आज्या इंदापुरात कातडी कमवायचा."

मोठ्या ऐटीत सांगितलं मी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुडघ्यावरचा हात उचलला गेला. चटकन नाही, सावकाश. मग म्हणाल्या, "उतर." आणि आत जाऊन तांब्या घेऊन आल्या.

सीट कातड्याची. बहुतेक गाईच्याच कातड्याची. माझ्या आज्यानं बाभळीच्या सालीच्या पाण्यात हात घालून ते कमावलं तर विटाळ. यांनी त्यावर बूड टेकलं तर श्रीमंती. आणि त्याच गाईचं मूत शिंपडून माझं बसणं पुसायचं! पण हे सगळं मला नंतर सुचलं. त्या वेळी मी गाल फडक्यानं पुसला, सामान पिशवीत भरलं आणि "येते, आजी" म्हणाले. शिवाय वाकून नमस्कार केला. शिंतोडे उडाले याची नाही वाटत तितकी लाज मला त्या नमस्काराची वाटते.

घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. साबण लावून गाल घासला. आई म्हणाली, "आत्ता गं कशाला?" म्हणाले, घाम आलाय. आईला सांगायची हिंमत झाली नाही. तिच्याच सासऱ्याचं नाव घ्यावं लागलं असतं. मीच काहीतरी घाण करून आल्यासारखी मान खाली घालून जेवले.

दोन दिवसांनी ती गाडी दुकानात आली.

दादांनी मागचं दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ह्याला काम म्हंत्यात व्हय? नव्या गाडीची वाट लावली!" दुकानात गिऱ्हाइकं होती, चहावाला होता, बाकीची पोरं होती. शेठनी मला हाक मारली. मी आत वाकून बघितलं.

पांढरट ठिपके. पाठीवर आणि बैठकीवर. आजी बसल्या होत्या तिथं एकही नाही. मी बसले होते तेवढ्याच जागेवर. माझीच आकृती काढून ठेवली होती त्यांनी.

"पाणी उडालं असंल," मी पुटपुटले.

"कसलं पाणी? गाडी शेडमधी हाय. काम येत न्हाय तर सांगावं माणसानं."

शेठ माझ्याकडं बघत होते. तेही म्हणाले, "चूक झाली आसंल तर कबूल कर." मला बोलायचं तर होतं. पण बोलायचं म्हणजे सगळ्यांच्या पुढं सांगायचं, की हे माझ्यावर शिंपडलंय. गप्प बसले तर माझं काम वाईट, बोलले तर माझी जात.

शेवटी बोलले. "आजींनी गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर. मी तितं बसले हुते म्हणून."

चहावाल्याचा हात थांबला. दादांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हा माणूस लाजेल. पण त्यांना लगेच वाट सापडली. आवाज खाली आणून शेठना म्हणाले, "आई जुन्या वळणाची हाय. हिची अडचण आसंल. बायकांना कळतं त्ये."

अडचण म्हणजे पाळी. एक विटाळ झाकायला दुसरा विटाळ. जातीचं नाव निघू नये म्हणून माझ्या लुगड्याला हात घातला, तोही परक्या पुरुषांच्या देखत.

शेठ मला बाजूला घेऊन म्हणाले, "व्हय म्हण. अडचण हुती म्हण, इषय मिटंल. ठिपके पुसून टाक, मी काय बोलत न्हाय." शेठ वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला सोडवताहेत.

सोप्पं होतं. एक 'व्हय' आणि एक ओलं फडकं. आजींनी माझ्यावर शिंपडलेलं मीच पुसायचं, आणि खोटं बोलून माझ्या आज्यालाही पुसायचं. फडकं हातातच होतं. मी ते गाडीच्या टपावर ठेवलं.

"माझी अडचण नव्हती," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण थांबले नाही. "माझा आज्या कातडी कमवायचा. त्ये ऐकून तुमच्या आईनं शिंपडलं. ह्ये डाग माझ्या कामाचे न्हाईत. मी पुसणार न्हाय."

दादा दार आपटून गाडी घेऊन गेले. शेठनी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. बसमध्ये इंदापूरपर्यंत रडले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्या रात्री आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला आंदीच सांगायचं हुतंस."

आता इंदापुरात दुसऱ्याच्या गॅरेजात हेच काम करते. लाज गेलेली नाही. कुणाच्या हातात तांब्या दिसला की गाल अजून आक्रसतो. पण एक ठरवलंय. गिऱ्हाइकाच्या दारात गेले की कुणी विचारायच्या आधी मीच सांगते, माझा आज्या कातडी कमवायचा. शिंपडायचं असेल तर आत्ताच सांगा, मी माघारी जाते. मग गाडीचं दार उघडते, आणि सीटवर बसूनच कामाला सुरुवात करते.