शिकाऱ्यांना चहा

अमेरिकेत आजवर ज्या काही चळवळी झाल्या असतील, त्यांतली सर्वांत सभ्य चळवळ माझ्या कारपूलमधल्या मित्राने चालवली, आणि त्या चळवळीतला सर्वांत निरुपयोगी कार्यकर्ता मी होतो. यातलं दुसरं विधान माझी बायको शपथेवर सांगायला तयार आहे. पहिल्याबद्दल मात्र मतभेद आहेत, कारण ती चळवळ होती हेच पुष्कळांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला एकाच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. तो नागपूरचा, औषधांच्या कंपनीत केमिस्ट. मी पुण्याचा, त्याच्या ऑफिसशेजारच्या इमारतीत दिवसभर स्क्रीनकडे बघत बसणारा. ऑफिसं लांब, म्हणून २००४च्या सुमारास आम्ही त्याच्या गाडीतून एकत्र जायला लागलो आणि माझा वक्तशीरपणा संपला. हा गृहस्थ रोज संध्याकाळी बुद्धवंदना म्हणायचा. तसं म्हणणारे पुष्कळ असतात; हा ती हायवेवर अमलात आणायचा. कुणी भसकन मध्ये घुसलं की आपण ज्या शब्दांनी त्याचं स्वागत करतो, ते याच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "जाऊ दे ना भाऊ, घरी कोणी आजारी असेल त्याच्या," एवढंच म्हणायचा. त्याच्या हिशेबाने सकाळी आठ वाजता अख्खी न्यू जर्सी आजारी नातेवाइकांकडे निघालेली असायची. मागच्याने हॉर्न दिला तर हात वर करून त्याचे आभार मानायचा. फोनवर रेकॉर्ड केलेली बाई "एक दाबा, दोन दाबा" म्हणाली की तिलाही "थँक यू मॅम" म्हणायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, ती मशीन आहे." तर म्हणाला, "आवाज तर कोणत्या तरी बाईचाच आहे ना?"

आमच्या रस्त्यावर एक भलंमोठं गवताळ रान लागायचं. छातीएवढं पिवळं गवत, मध्ये पाणथळ, झाडं जवळजवळ नाहीतच. ते एका शूटिंग क्लबच्या मालकीचं होतं. हंगामात पोल्ट्रीत वाढवलेले फेझंट पिंजऱ्यांतून आणायचे, गवतात सोडायचे आणि मग सभासदांनी ते टिपायचे, असा खेळ. फेझंट म्हणजे लग्नाला निघाल्यासारखा नटलेला रानकोंबडा. माणसाच्या हातचं खाऊन वाढल्यामुळे बिचाऱ्याला बंदुकीपासून पळायचं असतं हेच ठाऊक नसायचं. एके दिवशी असाच एक फेझंट रस्त्याच्या कडेला उभा दिसला. मित्राने गाडी थांबवली, खाली उतरला आणि त्याला अत्यंत नम्रपणे समजावू लागला, "तिकडे जा बाबू. इकडे नको येऊ." फेझंटने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तो पुन्हा गवतात, गोळ्यांच्याच दिशेने गेला. थोड्या वेळाने बार ऐकू आला. मित्र गाडीत येऊन बसला, पण किल्ली फिरवेना.

"आमच्या घराच्या मागे असंच गवत होतं," तो म्हणाला. "बाबा मला सायकलवर घेऊन जायचे. पावसाळ्यात तणमोर पक्षी गवतातून उडी मारायचा, इतका वर, की वाटायचं कोणी खालून फेकून राहिलं त्याला. आता तिथं लेआउट पडलं. माझ्या मामेभावाचाच प्लॉट आहे. वास्तुशांतीला जेवलो मी तिथं." मग त्याने गाडी सुरू केली, पण माझी मीटिंग बुडाली ती बुडालीच.

पुढच्या शनिवारी चळवळ सुरू झाली. चळवळ म्हणजे क्लबच्या फाटकापाशी तो, मी आणि एक बोर्ड. मी म्हटलं, दोन शब्द लिही, जळजळीत. त्याने लिहिलं ते असं: "शक्य असल्यास कृपया पक्षी मारू नयेत. या गवतात इतरही पक्षी घरटी करतात. तुमची सुट्टी बिघडवल्याबद्दल क्षमस्व. आभारी आहोत." एवढा मजकूर एका पुठ्ठ्यावर मावायचा म्हणजे अक्षरं मुंगीएवढी. शिकारी गाड्या थांबवून, खाली उतरून, चष्मे लावून वाचायचे. आता माणूस बर्फात उभा राहून आपला बोर्ड वाचतोय म्हटल्यावर त्याला कोरडंच कसं पाठवायचं? म्हणून हा थर्मासमधून आल्याचा चहा द्यायला लागला. मी एकदा घोषणा देण्यासाठी छाती भरून घेतली, तर मला गप्प केलं. "ओरडू नको ना भाऊ, पक्षी घाबरतेत."

माझं काम बोर्ड धरण्याचं. तोसुद्धा मी एकदा तासभर उलटा धरला होता. पक्ष्यांतलं मला कावळा, चिमणी आणि बाकीचे एवढंच कळायचं, आणि माझं निम्मं लक्ष परतताना ओक ट्री रोडवर मिळणाऱ्या डोशाकडे असायचं. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मला राहवेना. "अरे, आपण विरोध करतोय की तीर्थप्रसाद वाटतोय?"

"भाऊ, माणसाच्या दोन्ही हातांत कप असतो, तेवढा वेळ तरी बंदूक खाली असते ना? काहून घाई करून राहिला?"

क्लबचे अध्यक्ष म्हणजे एक उंच, लाल टोपीतले, बंदुकीच्या आवाजांनी कान अर्धे गेलेले आजोबा. पहिल्यांदा ते आम्हाला हाकलायला आले आणि चहात आलं फार आहे असं सांगून गेले. दुसऱ्यांदा स्वतःचा मग घेऊन आले. मग मित्राला ते कोणता पक्षी कुठे घरटं करतो ते दाखवू लागले, कारण त्या रानात लहानपणापासून फिरल्यामुळे त्यांना ते तोंडपाठ होतं. दोघं गवताच्या कडेला तासन्‌तास उभे, आणि मागे मी, बोर्डसकट, जणू दोघांना छत्री धरायला ठेवलेला माणूस. असे तीन हिवाळे गेले. फेझंट मरतच होते.

मग बातमी आली, की क्लबची तरुण पिढी फिरकत नाही, म्हाताऱ्यांना झेपत नाही, आणि एका बिल्डरला तिथे टाउनहाउसेस बांधायची आहेत. त्या सकाळी गाडीत मित्राने हॉर्न वाजवला. पुढे कुणीही नव्हतं. नुसताच वाजवला, लांब.

माझी मात्र वेगळीच पंचाईत. त्याच टाउनहाउसचं रंगीत ब्रोशर आमच्या फ्रिजवर लागलं होतं. तीन बेडरूम, गॅरेज, मागे बसायला लाकडी डेक. बायको म्हणाली, "जगात स्वतःच्याच घराविरुद्ध बोर्ड धरून उभा राहणारा नवरा मलाच मिळायचा होता." मी मित्राला सगळं सांगून टाकलं. तो जराही चिडला नाही. "घे ना, चांगलं घर आहे," म्हणाला. "फक्त डेकवर बसून पाहशील काय, ते ठरवून ठेव."

टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, सभेत निर्णय व्हायचा होता. बिल्डरला परवानगी द्यायची, की टाउनशिपनेच जागा घेऊन राखीव ठेवायची. प्रत्येकाला तीन मिनिटं. मित्राचा हट्ट, की बोलायचं मी. "तुझं इंग्लिश चांगलं आहे, तू पुण्याचा." पुण्याच्या माणसाला यापुढे काही ऐकू येत नाही. मी आरशासमोर तयारी केली, टाय बांधला, माइकसमोर गेलो, आणि ऐन वेळी 'फेझंट'मधला फ कुठे पळाला देव जाणे. माझ्या तोंडून निघालं 'पेझंट', म्हणजे शेतकरी. मी भरसभेत तळमळून सांगितलं, की आपल्या गावात निष्पाप शेतकऱ्यांना पिंजऱ्यांत भरून आणतात, गवतात सोडतात आणि गोळ्या घालतात. काही शेतकरी तर इतके माणसाळलेले असतात की पळतही नाहीत. कमिटीतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं आणि काळजीने विचारलं, "हे केव्हापासून चाललंय?" मी म्हटलं, "तीन हिवाळे तर मी स्वतः बघतोय." मागे कुणीतरी खोकत बाहेर गेलं. मी विजयी मुद्रेने जागेवर बसलो. मित्र माझ्या कानाशी म्हणाला, "खूप मनापासून बोलला तू."

तेवढ्यात लाल टोपीवाले आजोबा उठले. "शेतकऱ्यांना मारतो तो मीच," ते म्हणाले, आणि सभागृह हशाने फुटलं. हसणं ओसरेपर्यंत ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. मग मित्राकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माणूस तीन हिवाळे मला चहा देतोय. मी चुकतोय असं एकदाही म्हणाला नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा. म्हणाला असता तर मी भांडलो असतो आणि घरी जाऊन निवांत झोपलो असतो." पुढे म्हणाले, "गेल्या हंगामात मी बंदूक घेऊन गेलो, पण झाडली नाही. आमच्या सभासदांचंही बोलणं झालंय. ते गवत आहे तसं राहणार असेल तर आम्ही ते टाउनशिपला देऊ. बिल्डरला नाही." मी मित्राकडे पाहिलं. तो खाली मान घालून बुटाची सुटलेली नाडी बांधत होता, आणि ती त्याला बांधता येत नव्हती.

पुढच्या वसंतात ते रान राखीव झालं. पहिल्याच शनिवारी आम्ही गेलो, तर फाटकाला कुलूप, आणि पाटी: विणीच्या काळात माणसांना प्रवेश बंद. मी वैतागलो. इतके दिवस बर्फात उभं राहून मिळवलं काय, तर कुलूप? मित्राने पाटी दोनदा वाचली आणि बोर्डाच्या परीक्षेत पोरगं पहिलं आल्यासारखा हसला. "आपल्यालाही नाही सोडत! म्हणजे काम पक्कं झालं."

त्याच वर्षी त्याच्या कंपनीने बरीच माणसं काढली. ज्या मॅनेजरने बातमी सांगितली त्याचं याने सांत्वन केलं म्हणे. नवी नोकरी कॅलिफोर्नियात मिळाली आणि तो फ्रीमाँटला गेला. आम्ही अपार्टमेंटमध्येच राहिलो. मी आता एकटाच गाडी चालवतो, रोज वेळेवर पोचतो, आणि ऑफिसात त्याचं कुणालाही कौतुक नाही.

एका शनिवारी फाटकापाशी थांबून मी त्याला फोन लावला. माझ्याकडे सकाळचे दहा, त्याच्याकडे सात. "काय दिसून राहिलं?" त्याने विचारलं. मी पाहिलं तेवढं सांगितलं: एक छोटा, काळा, डोक्यावर फिकट पिवळा, गवताच्या शेंड्यावर झोके घेतोय, आणि कुणीतरी खुळखुळा उलटा वाजवावा तसं गातोय. नाव विचारू नकोस. त्याने विचारलं नाही. त्याच्या बाजूला फ्रीवेची घरघर होती. मी फोन कुंपणावरून आत धरला, हात लांब करून. हात भरून आला तरी तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळाने कानाला लावला.

"आहेस ना?" मी म्हटलं.

"आहे," तो म्हणाला. "थोडं अजून धर ना भाऊ."