वाटीतले चिंचोके आणि सोनवणे सर

वाचकहो, चष्मा शोधत असाल तर तो कपाळावर आहे. सरांची साठी याच महिन्यात, हेही तुम्हाला निमंत्रण आल्यावरच आठवलं ना? मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं ध्यानात ठेवावं लागतं. मी सांगते, नात प्रज्ञा लिहिते.

सोनवणे सर अंबरनाथच्या कारखान्यातून मुदतीआधीच निवृत्त झाले आणि कात्रपच्या आमच्या बुद्धविहारात मुलांना कॉम्प्युटर शिकवू लागले. तिथूनच ओळख. प्रज्ञाच्या कॉम्प्युटरवर "लिनक्स बसवतो" म्हणाले, तेव्हा लिनक्स कुणी पाहुणा समजून मी पाट मांडला होता. सर हसले नाहीत; लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा फुकटचा प्रोग्राम, असं त्यांनी समजावलं. त्याच पाटावर बसून त्यांनी काम केलं.

तीन वर्षांपूर्वी प्रज्ञाचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. द्यायला आठ दिवस उरले आणि कॉम्प्युटर मधेच गपगार व्हायला लागला. सकाळभर धड चाले, मग एकाएकी बंद. पोरीचं जेवण तुटलं. माझा मुलगा मिलिंद चिडला. "आई, हे सरांचं फुकटचं लिनक्सच नडतंय. शनिवारी कॅम्प एकच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात टाकतो. आठवडाभर ठेवतील, पण सगळं पुसून नवीन करून देतील."

सगळं पुसून! मी प्रज्ञाला सरांकडे पिटाळलं.

सर धावत आले. आधी त्यांनी झालेल्या कामाची कॉपी काढली. मग मेमरी तपासली, एक पट्टी काढून दुसरी लावली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मावशी. दोन बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही." पण सरांसमोर तो कॉम्प्युटरचा डबा गुणी बाळ, एकदाही बंद पडेना. मिलिंद म्हणाला, "सर, तुम्ही इथेच राहायला या."

सरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. मला म्हणाले, "प्रज्ञा घाबरून विसरते. केव्हा बंद पडतो त्याची नोंद तुम्ही ठेवा."

"मला कुठं लिहिता येतं, सर?"

त्यांनी तीन वाट्या मांडल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बंद पडला की त्या वेळेच्या वाटीत एक चिंचोका.

चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, सर न सांगता आले. सकाळची वाटी रिकामी, संध्याकाळची रिकामी, दुपारच्या वाटीत सात चिंचोके.

"मावशी, दुपारी तुम्ही काय करता?"

"पडते जरा."

"कुठे?"

मी बोट दाखवलं आणि बोट तिथंच राहिलं. टेबलाच्या मागं माझी पथारी. डब्याचा पंखा कानाशी गुणगुणतो, म्हणून झोपताना मी माझी गोधडी त्याच्या पाठीवर टाकायची. सर येणार म्हटलं की मी ती घडी घालून आत ठेवी. पाहुण्यासमोर अंथरूण पसरलेलं बरं दिसत नाही.

सरांनी डब्यावर तशीच राहिलेली गोधडी उचलली, चौघडी करून माझ्या हातात दिली. बाहेर जाऊन मिलिंदला एवढंच म्हणाले, "मागं हवा कोंडत होती, तापत होता. जागा बदलली आहे." मिलिंदनं ओशाळून माफी मागितली. प्रोजेक्ट वेळेत गेला. बोल सरांनी खाल्ले, पण माझं नाव आजवर कुणाला सांगितलं नाही.

प्रज्ञा, हात का थांबला? हसतेस काय? लिही.

सरांना ठणठणीत शंभरी लाभो. कार्यक्रमाला पेढे पाठवू नका, त्यांना साखर आहे. तांदळाच्या गरम भाकऱ्या आणि वालाचं बिरडं पाठवा. भाकऱ्या फडक्यात बांधा, पण डब्याचं झाकण घट्ट लावू नका. वाफेला वाट ठेवा.